पंधरा वर्षांची मोकळीक

जामनेरच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराला आपला काटा ठरावीक मुदतीने वजनमापे खात्याकडून तपासून त्यावर मोहोर करून घ्यावी लागते. ज्या कारखान्यात बॉयलर चालतो त्याच्या मालकाला त्या बॉयलरचा दाखला मुदतीच्या आत नवा करून घ्यावा लागतो. आणि प्रवासी वाहून पोट भरणाऱ्या काळी-पिवळीवाल्याला आपली गाडी आठ वर्षांची झाल्यावर दरसाल परिवहन खात्यापुढे उभी करावी लागते. परंतु टनभर वजनाची, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावू शकणारी आणि त्याच रस्त्यावरून जाणारी खासगी मोटार एकदा नोंदली गेली, म्हणजे पुढील पंधरा वर्षे तिचे ब्रेक लागतात की नाही, तिचे स्टिअरिंग ठिकाणावर आहे की नाही आणि तिच्या टायरांवर नक्षी उरली आहे की नाही, हे मुदतीने विचारण्याचे कर्तव्य आपल्या कायद्याने कोणावरच सोपवलेले नाही. ही मोकळीक नागरिकाच्या स्वातंत्र्याला पोषक आहे असे वरवर पाहता वाटते; विचारांती मात्र ती नागरिकांच्या परस्परांवरील हक्काला बाधक आहे आणि ती आज आहे त्या स्वरूपात राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायद्याची स्थिती नीट समजून घेतली पाहिजे. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ४१व्या कलमान्वये खासगी वाहनाच्या नोंदणीचा दाखला पंधरा वर्षे ग्राह्य धरला जातो. ती मुदत सरण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत नमुना क्रमांक २५ भरून नूतनीकरणाचा अर्ज करावयाचा, गाडी निरीक्षकासमोर न्यावयाची आणि ती योग्य ठरल्यास आणखी पाच वर्षांची मुदत पदरात पाडून घ्यावयाची, अशी रीत आहे. लोकभाषेत ज्याला ‘रीपासिंग’ म्हणतात ते हेच. याउलट भाडोत्री आणि मालवाहू वाहनांना ५६व्या कलमान्वये योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो; तो नव्या गाडीला दोन वर्षांचा, त्यानंतर आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा आणि पुढे एकेका वर्षाचा असतो. दोन्ही गाड्यांचे लोखंड एकाच भट्टीत तयार झालेले, दोन्हींच्या ब्रेकचे तत्त्व एक, दोन्हींच्या चाकांखाली तोच रस्ता. केवळ पाटीचा रंग निराळा म्हणून एकीची परीक्षा दर एक-दोन वर्षांनी आणि दुसरीची पंधरा वर्षांनी, हा भेद यंत्रशास्त्रातून आलेला नाही. भाडे घेणाऱ्याने प्रवाशाला हमी दिली पाहिजे, एवढाच विचार त्यामागे आहे. तो विचार योग्य आहे. पण अपुरा आहे, कारण रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसाइतकाच गाडीसमोर आलेला माणूसही असतो, आणि त्याने कोणाचेही भाडे दिलेले नसते.

या पंधरा वर्षांत खासगी गाडीवर मुदतीने होणारी तपासणी एकच, ती धुराची. नोंदणीनंतर पहिले वर्ष लोटले की पीयूसीचा दाखला गाडीत बाळगणे बंधनकारक होते. जुन्या मानकांच्या गाड्यांना तो सहा महिन्यांचा आणि भारत स्टेज चार व सहाच्या गाड्यांना वर्षाचा मिळतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर यातील कसुरीला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. धुराची तपासणी आवश्यक आहे याविषयी दुमत नाही. परंतु ती करणारे यंत्र धुरांड्याच्या टोकाशी लागते, चाकांच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ज्याच्या खिशात पीयूसीचा ताजा कागद आहे त्याच्या गाडीच्या ब्रेकचे लायनर पत्र्यापर्यंत झिजलेले असू शकतात, आणि तरीही तो माणूस मनोमन स्वतःला कायद्याचा पाईक समजत असतो. अपुऱ्या तपासणीचा हा सूक्ष्म अपाय आहे: तपासणी झाली आहे असा समज तिने निर्माण होतो, आणि ज्या भागांवर प्राण अवलंबून असतात ते भाग त्या समजाखाली झाकले जातात.

पंधरा वर्षांचा आकडा कोणत्या हिशेबाने योग्य ठरतो, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. यंत्राचे वय पंचांगावर ठरत नाही. ते वापरावर, हवामानावर आणि निगेवर ठरते. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि डांबराचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी तापतो. अशा उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरचे रबर, त्यावरची नक्षी शाबूत असली तरी, कडक होऊन भेगाळते. ब्रेकच्या नळ्यांत जे तेल असते ते हवेतील ओलावा शोषून घेते. दोन-तीन वर्षांत न बदलल्यास त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि छत्रपती संभाजीनगरकडून येताना अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला येईपर्यंत सतत ब्रेक दाबत आलेल्या गाडीत तेच तेल उकळून त्याची वाफ होते, तेव्हा पायाखालचे पॅडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. काळ्या मातीच्या वाटेने पावसाळ्यात शेतापर्यंत गेलेल्या गाडीच्या बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली, की आत चिखल शिरतो आणि काही महिन्यांत सांधा सैल होतो. यांपैकी एकही दोष पंधरा वर्षे वाट पाहत नाही. आणि यांपैकी बहुतेक दोष जाणत्या फिटरला अर्ध्या तासात, थोड्या साधनांनी ओळखता येतात.

येथे मूळ तत्त्वाचा विचार करणे प्राप्त आहे. आपल्या मालकीच्या वस्तूचा आपण हवा तसा उपयोग करावा, हा हक्क सर्वांना मान्य आहे. परंतु ज्या वस्तूच्या बिघाडाने परक्याचा जीव जाऊ शकतो, तिच्या सुस्थितीचा एकमेव न्यायाधीश तिचा मालक असू नये, हेही तत्त्व नवे नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बॉयलरांनी ते जगाला शिकवले. कलकत्त्यात १८६३ साली बॉयलरचा स्फोट झाल्यानंतर पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर-तपासणीचा कायदा झाला, आणि १९२३ साली साऱ्या देशासाठी एकच बॉयलर अधिनियम आला. त्याच सुमारास, १८६५ साली, जर्मनीतील मानहाइम शहरी एका मद्यशाळेत बॉयलर फुटला, तेव्हा तेथील कारखानदारांनी आपण होऊन १८६६ साली तपासणीची संस्था स्थापली. अशाच संस्थांच्या परंपरेतून पुढे आज जर्मनीत मोटारींची तपासणी करणाऱ्या संस्था उदयास आल्या. ज्या खानदेशात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि कापडाच्या गिरण्या वाफेवर चालल्या, त्या खानदेशाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. गिरणीमालकाने ‘बॉयलर माझा, फुटला तर माझा फुटेल’ असे म्हटले असते, तर त्याच्या पलीकडच्या भिंतीला टेकून काम करणाऱ्या मजुराने ते ऐकून घेतले नसते.

रेल्वेचाही दाखला आमच्या दाराशीच आहे. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची गाडी, जिला आम्ही सारे ‘पीजे’ म्हणत आलो, ती शंभर वर्षे या तालुक्याला जगाशी जोडत होती. कितीही संथ असली तरी ती रेल्वे होती, म्हणून तिचे इंजिन, तिचे डबे, तिचे रूळ यांची तपासणी करणारी माणसे सरकारने नेमलेली होती. २०२० सालच्या साथीच्या काळात ती थांबली, आणि तिच्या उतारूंपैकी पुष्कळांचा भार एस.टी.वर, दुचाक्यांवर आणि खासगी मोटारींवर आला. म्हणजे तपासणीच्या छायेत चालणाऱ्या वाहतुकीतून बरीच माणसे उठून तपासणीविना चालणाऱ्या वाहतुकीत गेली. एका तालुक्याचे हे उदाहरण असले तरी गेल्या तीन-चार दशकांत ग्रामीण महाराष्ट्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले आहे. ज्या वेळी खासगी मोटार ही डॉक्टर, वकील आणि बडे बागायतदार यांच्यापुरती होती, त्या वेळच्या व्यवस्थेने आजच्या रस्त्याचा कारभार चालवणे शक्य नाही.

आपल्या कायद्याने या बाबतीत मालकाला अगदीच मोकळे सोडले आहे, असेही नाही. आणि हाच युक्तिवादाचा मर्मभाग आहे. अधिनियमाच्या १९०व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात असे म्हटले आहे, की जो दोष मालकाला ठाऊक आहे, किंवा सामान्य दक्षता घेतली असती तर ठाऊक झाला असता, अशा दोषासह गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. आणि ५३व्या कलमान्वये लोकांना धोकादायक अशा अवस्थेतील गाडीची नोंदणी निलंबित करता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरवरील नक्षीची किमान खोलीसुद्धा सांगितलेली आहे. कर्तव्य लादलेले आहे, शिक्षाही सांगितलेली आहे. उणीव आहे ती हे कर्तव्य पार पाडण्याच्या साधनाची. ब्रेकच्या तेलातील ओलावा, सुकाणूच्या सांध्यातील ढिलाई, चेसीच्या पोटातील गंज हे सामान्य माणसाला त्याच्या सामान्य दक्षतेने दिसत नाहीत. अपघात घडल्यानंतर निरीक्षकाने मोडलेल्या गाडीखाली वाकून त्यांचा शोध घ्यायचा, आणि अपघातापूर्वी मात्र कोणीच वाकून पाहायचे नाही, ही व्यवस्था न्यायाची असेल, पण रक्षणाची नाही.

खासगी आणि भाडोत्री हा भेद आमच्या भागात कागदावर जितका स्पष्ट आहे तितका रस्त्यावर नाही. लग्नसराईत वऱ्हाड नेणारी, बाजाराच्या दिवशी शेंदुर्णी-पहूरच्या बाजूने माणसे आणणारी, दवाखान्याला निघालेल्या शेजाऱ्याला डिझेलच्या पैशांवर जळगावला पोहोचवणारी पांढऱ्या पाटीची गाडी प्रत्येक गावात आहे. तिच्या मालकाला गुन्हेगार म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण जेथे शेवटची एस.टी. सायंकाळीच निघून जाते तेथे तीच गाडी गावाची गरज भागवते. परंतु तिच्यात सात-आठ माणसे बसत असतील, तर ती सात-आठ माणसे एका अशा यंत्रावर भिस्त ठेवून बसलेली असतात, ज्याकडे कित्येक वर्षांत कोणा तटस्थ माणसाने पाहिलेले नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात इच्छादेवी चौकाच्या परिसरात एका ओम्नी गाडीत बेकायदा रीतीने गॅस भरला जात असताना स्फोट झाला आणि होरपळलेल्यांपैकी अनेकांचे प्राण गेले. घरगुती सिलिंडरमधून मोटारीत गॅस भरण्याचा धंदा हा पोलिसांचा विषय आहे हे खरे; पण गॅसवर चालणाऱ्या खासगी गाडीची टाकी, नळी आणि झडप यांची नियमित व सक्तीची पाहणी असती, तर निदान मालकाला आपण कशावर बसतो याची जाणीव वेळोवेळी झाली असती. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी व्हावी असा नियम आहे. पण तो पाळला गेला की नाही हे विचारणारा ठरावीक प्रसंगच खासगी मोटारीच्या आयुष्यात येत नसल्यामुळे त्याची अंमलबजावणी मालकाच्या मर्जीवर राहते.

पंधरा वर्षांनंतर मात्र हाच कायदा एकाएकी कठोर होतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. उशीर झाल्यास दरमहा पाचशे रुपयांचा भुर्दंड निराळा. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते दहा हजारांवर नेले. राज्याचा पर्यावरण कर आणखी वेगळा. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय भंगार-धोरणाशी ही आकारणी जोडलेली आहे: जुनी गाडी ठेवणे महाग व्हावे, म्हणजे मालक ती मोडीत काढील. हेतू काहीही असो, येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. गाडी सुरक्षित आहे की नाही हे पाहणे ही एक गोष्ट, आणि ती जुनी आहे म्हणून तिच्या मालकाला दंडित करणे ही दुसरी. ज्या शेतकऱ्याने वीस वर्षांची जीप पोटच्या पोरासारखी जपली आहे त्याला दहा हजार भरावे लागतात. ज्याने सहा वर्षांची महागडी गाडी गोटा झालेल्या टायरांवर पळवली आहे त्याला कोणी काही विचारत नाही. वयाला शिक्षा आणि निष्काळजीपणाला माफी, असा या रचनेचा परिणाम होतो. शिवाय शुल्क इतके वाढले की फेडण्यापेक्षा टाळणे परवडू लागते, आणि मुदत संपलेल्या दाखल्यावर आडरस्त्यांनी फिरणाऱ्या गाड्या तपासणीच्या कक्षेतूनच निसटतात. म्हणजे ज्या गाड्या पाहण्याची सर्वाधिक गरज, त्याच नजरेआड होतात.

आता हरकतींकडे वळू. पहिली आणि सर्वांत प्रामाणिक हरकत भ्रष्टाचाराची आहे. आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक दलाल, आणखी एक चिरीमिरी, असे ज्याने उभ्या आयुष्यात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. पीयूसीच्या बाबतीतही कागद मिळतो पण तपासणी होत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु या हरकतीतून निघणारा निष्कर्ष तपासणी नको असा नसून तपासणी माणसाच्या मर्जीवर नको असा आहे. २०२१ साली केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. त्यांत ब्रेकचा जोर रोलरवर मोजला जातो, चाकांचा तिरकेपणा, दिव्यांचा झोत, सांध्यांतील ढिलाई यंत्राने नोंदवली जाते आणि आकडे परस्पर संगणकात जातात. यंत्रही फसवता येते. तरी रोलरवर मोजलेल्या आकड्याचा जाब विचारता येतो, निरीक्षकाच्या नजरेचा विचारता येत नाही. याच महाराष्ट्रात वाहनांच्या तपासणीतील ढिलाईविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका चालली आणि ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरची धावपट्टी असलीच पाहिजे इतक्या तपशिलात न्यायालयाला उतरावे लागले. तपासणीची गुणवत्ता जनतेच्या आग्रहाने सुधारते, याचे हे उदाहरण होय.

दुसरी हरकत दारिद्र्याची आहे, आणि ती माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार. आमच्या तालुक्यातील मोटार पुष्कळदा तिसऱ्या हाताची असते. एखाद्या केळीच्या किंवा कापसाच्या बऱ्या हंगामात घेतलेली, पडेल भावाच्या वर्षी दारात उभी राहिलेली. फत्तेपूरच्या माणसाला जळगावची कचेरी गाठायची म्हणजे साठेक किलोमीटरचा पल्ला. जामनेरहूनही तो पस्तीस-चाळीस किलोमीटरचा. दिवसाची मजुरी बुडवून, इंधन जाळून, तेथे ‘आज यंत्र बंद आहे’ असे ऐकून परत यावे लागत असेल, तर अशी तपासणी जुलूमच ठरेल. म्हणून माझा आग्रह असा, की तपासणी माणसाकडे आली पाहिजे. जामनेरला एस.टी.चे आगार आहे. तेथे बसगाड्यांच्या देखभालीची कार्यशाळा आहे, खड्डा आहे, अनुभवी यांत्रिक आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांत सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि त्यांतून मोटार-यांत्रिकीचे शिक्षण घेतलेली मुले कामाच्या शोधात पुण्या-नाशिकला जातात. या सार्वजनिक संस्थांना मोजणीची साधने पुरवून त्यांच्यावर हे काम सोपवले, तर तालुक्याला केंद्र मिळेल, एस.टी.ला उत्पन्न मिळेल आणि शिकलेल्या हातांना गावात काम मिळेल.

तिसरी हरकत विद्वानांची आहे. नॉर्वेमध्ये नियतकालिक तपासणीचा अपघातांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की तपासणीमुळे गाड्यांतील तांत्रिक दोष कमी झाले, पण अपघातांच्या संख्येत त्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०१० साली खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली आणि टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून तोच मार्ग पत्करला. हा पुरावा दडपून युक्तिवाद करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडेही २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू सरकारी वर्गीकरणात अतिवेगाच्या खाती पडतात. तेव्हा तपासणी सुरू करताच अपघात निम्म्याने घटतील असे आश्वासन कोणी देऊ नये. तरीसुद्धा दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. जेथे गाड्यांची निगा मुळातच चांगली राखली जाते तेथे तपासणीने फारसा फरक पडला नाही, यावरून जेथे जुन्या गाड्या खच्चून भरून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात धावतात तेथेही पडणार नाही, असे सिद्ध होत नाही. आणि अतिवेग व निकामी ब्रेक ही दोन स्वतंत्र कारणे नव्हेत. वेग चालकाच्या चुकीने वाढतो, आणि ती चूक सावरण्याची अखेरची संधी ब्रेक देतो. ज्याची गाडी ऐन वेळी दहा मीटर आधी थांबू शकली असती, त्याचा मृत्यू वेगाच्या रकान्यात लिहिला जातो, एवढेच.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात, मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेरजवळ, ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत थांब्यालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे प्राणास मुकली. हे वाहन मालवाहू होते, म्हणजे ज्या वर्गाला वेळोवेळी तपासणी सक्तीची आहे त्या वर्गातले. यावरून कोणी म्हणेल, की तपासणी असूनही असे घडते, मग ती हवी कशाला? मी त्यातून उलट बोध घेतो. हॉटेलच्या सावलीत, बसची वाट पाहत बसलेल्या त्या माणसांनी कोणता धोका पत्करला होता? कोणताच नाही. दुसऱ्याच्या यंत्राची अवस्था हा त्यांच्या जीवन-मरणाचा प्रश्न ठरला, आणि तो प्रश्न विचारण्याची ताकद त्यांच्यापैकी एकाकडेही नव्हती. त्यांच्या वतीने तो विचारणे हेच राज्यसंस्थेचे काम आहे. ते नीट होत नसेल तर नीट करावे, सोडून देऊ नये.

चौथी हरकत अशी, की आधी सरकारने रस्ते सुधारावेत, मग आमच्या गाड्या तपासाव्यात. खड्ड्यांनी सांधे खिळखिळे होतात हे कोण नाकारील? रस्त्याची जबाबदारी सरकारची आहे, तिचा जाब मागण्याचा आपला हक्क अबाधित आहे, आणि सरकारी गाड्यांची तपासणी सर्वांआधी व्हावी हेही न्याय्यच आहे. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून बंद करून सरकारने त्या दिशेने पाऊल टाकले आहे. परंतु एकाच्या कसुरीने दुसऱ्याचे कर्तव्य संपत नाही. रस्ता खराब आहे, म्हणूनच त्यावरची गाडी अधिक काळजीपूर्वक पाहिली पाहिजे.

इतर देशांनी हा मार्ग कसा आक्रमला, ते पाहणे येथे उपयोगी पडेल. इंग्लंडने १९६० साली दहा वर्षांवरील गाड्यांच्या ब्रेक, दिवे आणि सुकाणू एवढ्याच गोष्टींची तपासणी सुरू केली. त्यांतील नापासांचे प्रमाण इतके आढळले, की वयोमर्यादा लगेच सात वर्षांवर आणि १९६७ साली तीन वर्षांवर आणावी लागली. तेथे हे काम मान्यताप्राप्त खासगी गॅरेजे करतात, सरकार त्यांच्यावर देखरेख ठेवते, आणि कोणत्याही गाडीच्या तपासणीचा इतिहास कोणालाही विनामूल्य पाहता येतो. जर्मनीने १९५१ पासून तपासणी सक्तीची केली. नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि पुढे दोन-दोन वर्षांनी ती करावी लागते. जपानमध्येही नव्या मोटारीला तीन आणि नंतर दोन वर्षांची मुदत आहे. युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी पहिली तपासणी चार वर्षांच्या आत आणि नंतर दर दोन वर्षांनी, असा किमान दंडक घातला आहे. हे सर्व आंधळेपणाने उचलावे असे मी म्हणत नाही. परंतु थोडक्यापासून आरंभ करून अनुभवाने वाढवत जाण्याची इंग्लंडची पद्धत आपल्याला अनुकरणीय वाटते.

त्या धर्तीवर माझी सूचना अशी आहे. खासगी मोटारीची पहिली तपासणी पाचव्या वर्षी व्हावी, पुढे पंधराव्या वर्षापर्यंत दर तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणी ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, सीटबेल्ट आणि गॅसची जोडणी एवढ्यापुरतीच मर्यादित असावी. रंग उडाला, पत्रा चेपला, काच चरे पडून जुनी झाली, यांसाठी कोणाची अडवणूक होता कामा नये. दोषांचे तीन वर्ग असावेत: ज्याने तत्काळ धोका आहे, जो महिन्याभरात दुरुस्त करावयाचा आहे, आणि ज्याविषयी केवळ सूचना द्यावयाची आहे. पहिल्या वर्गातील दोष असेल तरच गाडी थांबवावी. बाकीच्यांसाठी मालकाला मुदत द्यावी. तपासणाऱ्याने दुरुस्ती करू नये आणि सुटे भाग विकू नयेत. ज्याच्या निदानावर त्याचीच कमाई अवलंबून असते त्याच्या निदानावर लोकांचा विश्वास बसत नाही. मालकाने दुरुस्ती आपल्या गावच्या फिटरकडून करून घ्यावी, आणि केंद्राने तीच बाब पुन्हा विनामूल्य पाहावी.

शुल्क सर्व गाड्यांना एकच आणि माफक असावे, वयानुसार चढते नसावे. भंगार-धोरण राबवायचे असेल तर ते नव्या गाडीवरील सवलतीने राबवावे. तपासणीच्या शुल्कात ते मिसळू नये. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असे सांगितले होते. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच ती अट काढली, कारण तिच्यामुळे गाड्या विम्याविना फिरतील आणि अपघातग्रस्तांनाच भरपाई मिळणार नाही, अशी रास्त भीती होती. तेव्हा या नव्या तपासणीची सक्ती विमा रोखून करू नये. तिची नोंद वाहनाच्या संगणकीय दाखल्यात व्हावी आणि ती सर्वांना पाहता यावी. एवढ्याने जुन्या गाड्यांच्या बाजारातही मोठा पालट होईल. आज तिसऱ्या हाताची गाडी घेणारा गरीब खरेदीदार रंगरंगोटीवर विसंबतो, उद्या त्याला त्या गाडीच्या ब्रेकचा आणि किलोमीटरचा इतिहास वाचता येईल. तपासणीचा सर्वांत मोठा लाभ ज्याला होईल तो हाच माणूस, आणि तो श्रीमंत नाही.

हे सारे अव्यवहार्य आहे असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक वाहनाला नवी सुरक्षित पाटी बसवण्याचा हुकूम महाराष्ट्रात निघाला. केंद्रे उघडली गेली, मुदती ठरल्या, वाढल्या, आणि खेड्यापाड्यांतील माणसे आपापली वाहने घेऊन तेथे गेली. राज्यातील जुनी वाहने केंद्रांवर बोलावून त्यांच्याकडे क्षणभर पाहण्याची शक्ती सरकारपाशी आहे, आणि त्या बोलावण्याला जाण्याची तयारी जनतेपाशी आहे, हे त्यातून सिद्ध झाले. ज्या शक्तीने गाडीची पाटी पाहिली तिला गाडीचे ब्रेक पाहणे अशक्य नाही. त्यासाठी हवी ती केवळ इच्छा आणि थोडी रोलरयंत्रे.

नागरिकत्वाचा अर्थ केवळ सरकारकडून हक्क मागणे एवढाच नसतो. एका नागरिकाने दुसऱ्याला द्यावयाच्या हमीचाही त्यात अंतर्भाव असतो. रस्ता ही अशी सार्वजनिक जागा आहे, जेथे आपण रोज शेकडो अनोळखी माणसांच्या हाती आपला जीव देतो आणि त्यांचा आपल्या हाती घेतो. काही वर्षांनी एकदा अर्धा तास गाडी तटस्थ माणसासमोर उभी करणे, ही त्या देवघेवीतील अत्यल्प किंमत आहे. जामनेर तालुक्यातील ग्रामसभा, व्यापारी मंडळी, शेतकऱ्यांच्या संस्था आणि येथील लोकप्रतिनिधी यांनी ही मागणी आपण होऊन पुढे आणावी, आणि पहिले तालुका-केंद्र येथील एस.टी. आगारात प्रयोगादाखल सुरू करण्याचा ठराव परिवहन खात्याकडे पाठवावा, असे मी सुचवतो. वरून आलेली सक्ती लोक सोसतात. स्वतः मागितलेला नियम ते पाळतात. तपासणीच्या बाबतीत हा फरकच निर्णायक ठरणार आहे.